पाव्हणं, पाऊस झाडानं पडतो का?

डावीकडे वडील, उजवीकडे सासरे आणि पुढे बिदर ते कलबुर्गी ११० किलोमीटर. अशा वेळी मधल्या माणसाने भज्यांचा पुडा सांभाळावा आणि खिडकीबाहेर बघत बसावं. मीही तेच करत होतो. मे संपत आला होता, मिरग आठवड्यावर आला होता, आणि डब्यातले पंखे गरम वारा इकडचा तिकडे करत होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कमलनगर तालुक्यात सोयाबीन, उडीद आणि तूर करतात. मामा म्हणजे सासरे. त्यांचं घर आळंद तालुक्यातलं, उभी नोकरी जंगल खात्यात झाली आणि शेवटची वर्षं चिंचोळीच्या अभयारण्यात गेली. व्याही म्हणून दोघे एकमेकांचा मान राखतात. फक्त झाडांचा विषय निघू नये. तो त्या दिवशी एका रेल्वे फाटकापाशी निघाला. आमच्या गाडीसाठी थांबलेल्या ट्रकवर ओंडके रचलेले होते. काळपट साल, आतून तांबूस गाभा. लांबूनही ओळखू यावी अशी जुनी चिंच.

मामा : बघा पाव्हणं, पाऊस चाललाय ट्रकात बसून.

अप्पा : वीटभट्टीला चालली असंल चिंच. पाऊस कसला त्यात?

मामा : हाच. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शंभर एकरांत दहा एकरसुद्धा जंगल राहिलं नाही. १९५२ च्या वनधोरणात लिहिलंय, १९८८ च्या धोरणातही लिहिलंय की देशाच्या एक तृतीयांश जमिनीवर जंगल पाहिजे. आपण कुठं आहोत? मग पाऊस रुसला की वर बघायचं.

अप्पा : थांबा. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेकाठची गावं पान्यात गेली. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच, उभ्या तुरी नासल्या. त्या पाच वर्सांत कुनी जंगल वाढवलं व्हतं का? आन् २०१६ ला लातूरला मिरजंहून रेल्वेनं पानी आनावं लागलं, तवा आदल्या साली कुनी येवढं जंगल तोडलं व्हतं? झाडं तेवढीच, पाऊस मातर कवा बुडवतो, कवा वाळवतो. पाव्हणं, पाऊस समुद्राहून येतो. ढगाला खाली बघून चालायची सवय न्हाई.

मामांनी भजं तोंडात टाकलं. वेळ काढायची त्यांची ती रीत आहे.

अप्पांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी गिल्बर्ट वॉकरची बाजू घेतली होती. हे भांडण पावणेदोनशे वर्षांचं आहे. झाडांमुळे पाऊस येतो नि ओल टिकते, असा लेख एडवर्ड बाल्फोर या डॉक्टराने १८४९ मध्ये मद्रासला लिहिला. पुढे हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने मध्य प्रांतातल्या पावसाचे आकडे तपासले आणि जंगल राखल्यावर तिथला पाऊस वाढल्याचं सांगितलं. त्याच खात्याच्या खुर्चीवर नंतर बसलेल्या वॉकरने १९१० मध्ये सगळे आकडे पुन्हा चाळले. हवामान कायमचं बदलल्याचा पुरावा त्याला त्यांत दिसला नाही. खातं एकच, निष्कर्ष दोन. आमच्या डब्यातही तेच चाललं होतं.

मामा : समुद्राहून येतो, कबूल. पण समुद्राहून निघालेलं सगळं पाणी एकाच दमात इथवर येत नाही. वाटेत पडतं, झाडं मुळांनी ओढतात, पानांतून परत हवेत सोडतात, वारा ते पुढं नेतो. सह्याद्रीवर पडलेलं पाणी असं पुन्हा वर जातं.

अप्पा : तो सह्याद्री. हितं बिदरच्या माळावर काय वर जातंय? धूळ.

मामांचं म्हणणं हवेतलं नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की तामिळनाडूवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस पडतो, त्यातल्या ओलाव्याचा मोठा हिस्सा सह्याद्रीच्या जंगलांनी वर सोडलेला असतो. पाऊसमान कमी असलेल्या वर्षी तो हिस्सा आणखी वाढतो. पण अप्पांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. ते बिदरबद्दल विचारत होते. तेव्हा मी तोंड उघडलं, जे जावयाने उघडायला नको होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या तिघांचा २०१५ चा अभ्यास मी सांगितला. त्यांनी संगणकातल्या प्रतिमानात जगातली जंगलं तोडून बघितली, कधी विषुववृत्ताजवळची, कधी पार उत्तरेची. आपल्या मोसमी पावसाला मोठा धक्का बसला तो उत्तरेकडची जंगलं तोडल्यावर. तिथे जंगल गेलं की उघड्या बर्फावरून ऊन परत फिरतं, उत्तर गोलार्ध थंडावतो आणि पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. त्यांच्या हिशेबात भारतावरचा पाऊस १८ टक्क्यांपर्यंत घटला. जवळची झाडं तोडल्याचा परिणाम दूरच्या तोडीपेक्षा कमी निघाला.

अप्पा : मंजी सायबेरियातलं झाड तोडलं तर माझी तूर वाळंल, आन् माझी चिंच तोडली तर कायबी न्हाई!

मामा : पावसापुरतं.

अप्पा : काय?

मामा : पावसापुरतं खरं आहे तुमचं. तुमच्या बांधावरच्या चिंचेनं कमलनगरला पाऊस येत नव्हता नि ती तोडल्यानं तो गेलाही नाही. आता मला सांगा, पडलेला पाऊस गेला कुठं?

निवृत्त वनाधिकारी इतक्या सहज एवढं कबूल करेल असं मला वाटलं नव्हतं. अप्पांनाही वाटलं नसावं. त्यांनी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. मला विचाराल तर (गाडीत कुणी विचारलं नाही) ‘झाडे लावा, पाऊस आणा’ अशी पाटी शाळेच्या भिंतीवर रंगवणाऱ्यांनी झाडांचं नुकसानच केलं आहे. झाडाची किंमत एकदा पावसाच्या मापाने ठरवली, की धो धो पावसाच्या वर्षी कुऱ्हाडीला मोकळं रान मिळतं. झाडाविना आला की पाऊस, मग झाड कशाला?

बाहेर तांबडी जमीन मागे पळत होती. बिदरचा किल्ला ज्याचा बांधला आहे, तोच तांबडा जांभा दगड. त्याच्या खाणींचे चौकोनी खड्डे मधूनमधून दिसत होते.

मामा : हा दगड बघितलात? अंगभर छिद्रं. बिदरचं पठार म्हणजे खाली काळा कातळ आणि वर ह्या दगडाचा जाड थर. पावसाचं पाणी तांबड्या दगडातून खाली जातं, कातळाला लागलं की अडतं, मग आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यातून बाहेर पडतं. नरसिंह झिरा काय, नानक झिरा काय, पापनाश काय, सगळं हेच पाणी. बहमनी सुलतानानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली ती काय उगीच? हवापाणी बघूनच, असं जुने लोक सांगतात. नौबादजवळची सुरंग बावी त्याच काळातली. दोन-तीन किलोमीटरचा बोगदा दगडात खोदलाय आणि वरून जागोजागी विहिरीसारखी तोंडं ठेवलीत. ना मोट, ना पंप. उतारानं पाणी आपोआप गावाकडं चालतं.

अप्पा : बघितलीय मी. गाळ काढला तवा गेलतो. खरंच पानी व्हतं खाली.

मामा : पण ते पाणी यायचं तर वरच्या माळावर पाऊस थांबला पाहिजे. गवत, पाचोळा, झाडाची मुळं असली की तो थांबतो, मुरतो. वरचं झाडोरं काढलं की पहिल्या चार सरी माती घेऊन नाल्याला जातात, दगडाची छिद्रं गाळानं बुजतात, आणि पुढचा पाऊस नुसता वरून धावतो. २०२० ला पाऊस आला म्हणता. आला की. थांबला किती?

पुण्याच्या हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात १९५० पासून २०१५ पर्यंत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यात तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओलाव्याचा वाटा मोठा. म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस फारसा बदलला नाही तरी तो चार दिवसांत ओतला जाण्याची शक्यता वाढली आहे, आणि नेमका असा पाऊस अडवायला उघडा माळ अगदीच निकामी. हे मी मनात म्हटलं. एकदा तोंड उघडलं तेवढं पुरे होतं.

अप्पा : मंग झाड पानी पीत न्हाई का? माझ्या बांधावर लिंब व्हता. त्याच्या सावलीला चार तासं सोयाबीन कवा धड आलं न्हाई. सावली वायली आन् मुळ्या वायल्या. आन् निलगिरी कुनी लावली माळामाळानं? मी?

मामा : आम्ही.

अप्पा : मंग?

मामा : सरकारनंच २०१७ ला तिची नवी लागवड बंद केली की. खात्याला तेव्हा लवकर उंच होणारं झाड पाहिजे होतं. कागदावर हिरवं दिसतं. खाली ना गवत उगवतं, ना तिला शेळी तोंड लावते. मी स्वतः खड्डे मोजून घेतलेत. झाड पाणी पितं हे खरंच आहे पाव्हणं. कुठलं झाड, किती आणि कुठं, हे बघावं लागतं. दाट लावलेली निलगिरी जेवढं मुरवते त्याहून जास्त ओढते. विरळ जंगलाखाली मात्र पाणी मुरतं.

अप्पांना आता जोर आला होता. वाटेतला मरगुत्तीचा बोगदा यायला अवकाश होता. हुमनाबादला चढलेल्या एका बाईने सीताफळाची रोपं प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती. ती तिने मामांच्या पायाशी ठेवली आणि ऐकायला सरसावून बसली.

अप्पा : तुमी म्हनता जंगलानं गारवा असतो. मे महिन्यात चिंचोळीच्या जंगलात या म्हनावं. साग नागडा, सालई नागडी, धावडा नागडा. पान न्हाई एक. कुठला गारवा? आमच्या तुरीच्या रानात आन् तुमच्या जंगलात ऊन सारखंच.

हा घाव वर्मी बसला. चिंचोळीचं अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. ते कोरड्या पानगळीचं जंगल आहे. पाणी वाचवायचं म्हणून तिथली झाडं फेब्रुवारीपासूनच पानं टाकतात. सदाहरित जंगलाचं गणित तिथे लावता येत नाही.

मामा : बरोबर बोललात. आता तुमच्या बांधावर कुठली झाडं होती ती सांगा.

अप्पा : लिंब. दोन चिंचा. येक आंबा. खालच्या अंगाला करंज.

मामा : ह्यातलं मे महिन्यात नागडं कुठलं असतं?

अप्पा काही बोलले नाहीत. ती बाईच म्हणाली, “लिंबाला तर पाडव्याला नवी पालवी येते.”

मामा : तेच. जंगलातली झाडं उन्हाळ्यात झोपतात, बांधावरची जागी असतात, कारण त्यांच्या मुळ्या खोल ओलीपर्यंत गेलेल्या असतात. गारवा सावलीनं येतो ते निम्मंच. पानातलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं.

याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसात शंभर लिटर पाणी हवेत सोडलं, तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालून खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढतो तेवढी झाडाने आजूबाजूच्या हवेतून काढून घेतली. ओल नसलेल्या, नांगरून टाकलेल्या काळ्या रानात हे होत नाही. तिथे उन्हाची जवळजवळ सगळी ताकद माती आणि तिच्यावरची हवा तापवण्यात जाते. कलबुर्गीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. त्या उन्हात तूर नसते, सोयाबीन नसतं. असतात माणसं, गुरं आणि मातीतले जीव. रात्रीही घराच्या पत्र्याखाली झोप लागत नाही, ते वेगळंच.

अप्पा : मंग मी काय मुद्दाम तोडली का? हौस व्हती का मला? ट्रॅक्टर वळत न्हाई बांधापाशी. भावाभावांत वाटन्या झाल्या. येका बांधाचे तीन बांध झाले आन् झाड कुनाच्या बांधावर यावरनं कज्जा. चिंच म्हनता तर फोडायला मानूस गावत न्हाई. बाया आता फोडनीची मजुरी सोयाबीनच्या खुरपनीइतकी मागतात, आन् का मागू नये? यापारी आला, चिंचंचे रोख पैसे दिले. त्या पैशाचा बोअर पाडला.

मामा : किती फूट गेला?

अप्पा : साडेपाचशे.

मामा : पाणी?

अप्पा : दिवाळीपतूर चालतो.

हा संवाद इथे मामांच्या बाजूने संपला असं वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण अप्पा शेतकरी आहेत. बाजारात हरून आलेला माणूस वादात सहजासहजी हरत नाही.

अप्पा : आता माझं ऐका. तुमच्या खात्याचा गार्ड कुनाला धरतो? तांड्यावरच्या बाईला. डोक्यावर वाळल्या काटक्यांची मोळी. तिला धरून बसवतो. आन् शहाबादेला, शेडमला जमिनी पोखरल्या, फरश्या काढल्या, शिमिटाचे कारखाने उभे केले, तिथं तुमचा गार्ड कुठं असतो?

मामा : त्यांच्याकडं कागद असतो.

अप्पा : हां! कागद. मोळीला कागद नसतो. सरकारी जमीन बगर हुकूम कसनारा ती नावावर व्हावी म्हनून फारम ५७ भरून वर्सानुवर्सं तहसिलीच्या पायऱ्या झिजवतो, त्याच्या बापानं तोडलेलं झाड तुमाला दिसतं. पुन्यात, मुंबईत बांधकामावर जानारे तांड्यातले लोक कुनी धाडले? जंगल राखलं की जंगलातला मानूस पैला बाहेर काढायचा, हा तुमचा नेम.

मामांनी चष्मा काढून पुसला. चिंचोळीच्या अभयारण्यात लंबाणी तांडे आहेत; मामा त्यांच्या लग्नांना गेलेले आहेत, त्यांच्यावर केसही घातलेल्या आहेत. या दोन्ही गोष्टी त्यांनी मला निरनिराळ्या वेळी सांगितल्या होत्या, एकत्र कधीच नाही.

मामा : मोळीनं जंगल जात नाही, हे मलाही माहिती आहे. वाळली काटकी नेली तर काही बिघडत नाही. जंगल जातं ते सलग तुकडा गेल्यानं, रस्ता आतून काढल्यानं, खाणीनं, आणि हो, वहितीखाली आणल्यानंही. खाणीसाठी झाड गेलं की त्याच्या बदल्यात कुठल्या तरी माळावर रोपं लावतात. तो हिशेब मला कधी पटला नाही. होन्नीकेरीकडच्या माळावर काळवीट बघितलेत का तुम्ही?

अप्पा : कळप बघितलाय. हरभरा खातेत.

मामा : खातात. पण त्यांना गवताळ माळच लागतो, झाडी नको. त्या माळाला आपण पडीक म्हणतो, वर खड्डे पाडून झाडं लावतो आणि फोटो काढतो. गवताच्या मुळाशी केवढा कार्बन साठलेला असतो, केवढं पाणी मुरतं! तो नांगरला किंवा त्यावर चुकीचं झाड लावलं, तर तीही एक प्रकारची जंगलतोडच.

अप्पा : हे बोलला तुमी इतक्या वर्सांत पैल्यांदा.

मामा : नोकरीत असताना बोलता येत नव्हतं.

मरगुत्तीच्या बोगद्यात गाडी शिरली आणि बोलणं थांबलं. डब्यातले दिवे लागले नव्हते. बोगदा संपून कमलापूरची बाजू आली तेव्हा अप्पांनीच धागा उचलला. या भागात तांबडी केळी होतात, भौगोलिक मानांकन मिळालेली. त्यांच्या बागांना पाणी आणि आडोसा दोन्ही लागतं. अप्पांची नजर त्या हिरव्या तुकड्यांवर होती.

अप्पा : जगाच्या हवेत जो धूर गेलाय त्यात माझ्या दोन चिंचांचा धूर किती?

मामा : फार नाही. दोन चिंचांचं वाळलं लाकूड समजा आठ टन. जाळलं तर चौदा-पंधरा टन कार्बन डायऑक्साइड. जगात माणूस दर साली हवेत सोडतो त्यातला साधारण दहावा हिस्सा जंगल तोडल्यानं नि जमीन मोडल्यानं येतो. बाकीचा कोळसा, तेल, शिमिट. त्यात तुमचं नाव शोधून सापडायचं नाही.

अप्पा : बघा, तुमच्याच तोंडानं. मंग माझा हिशेब येवढाच ऱ्हातो. मी लिंब ठेवला, माझी चार तासं बुडाली. त्यानं मुरलं पानी, ते काय माझ्या बांधाखाली बसून ऱ्हातं का? खालच्या अंगाला जातं. खाली पाटलाचा बोअर हाय, त्यो उसाला पानी देतो. झाड माझं, सावलीचा तोटा माझा, पानी त्येचं. सोसायचं मी आन् गोड खायचं त्येनं. मला ह्येचे पैसे कोन देनार? तुमचं खातं?

मामा : खातं देत नाही.

अप्पा : पंचायत?

मामा : पंचायत रोपं देते.

अप्पा : रोपं नकोत. झाड उभं ठेवल्याचे दर साली पैसे. बोला.

बाकावरची बाई हसली. तिला हा सौदा पटलेला दिसला. मामांकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते कुणाकडेच पुरेसं नाही. झाड तोडण्याचा कायदा आहे, लावण्याची योजना आहे, पण बांधावरचं वाढलेलं झाड जिवंत ठेवणाऱ्याच्या हातात दरवर्षी चार पैसे पडावेत अशी सोय या भागात मला तरी दिसलेली नाही.

मामा : घ्या पाटलाकडून. ऊस पितोय ना तो तुमचं पाणी? त्याच्याकडून घ्या. आणि साखर कारखान्याकडून.

अप्पा : पाटील मंजी कोन, ठावं हाय का? माझा चुलतभाऊ. त्याच्याच उसात माझाबी दीड येकर वाटा हाय.

मामा : म्हणजे मुरलेलं पाणी तुम्हीच पिताय!

अप्पा : दीड येकरापुरतं.

“पावसापुरतं,” मी म्हणालो, आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं. पुढचा तासभर ऊस हाच विषय होता. एकरी पाणी किती, ठिबकचं अनुदान कुणाच्या नावावर निघालं, कारखान्याचं पेमेंट कधी होतं. जंगल पुन्हा निघालं नाही, आणि भजी गार झाली होती.